घटकाभर आणि वन मिनिट

आपण पाहुण्याला म्हणतो, "घटकाभर बसा." घटका म्हणजे २४ मिनिटे. पण पाहुणा काही घड्याळ लावून बसत नाही. घटकाभर म्हणजे थोडा वेळ, हे त्याला कळते.

इंग्रजीतही असेच आहे. एका मिनिटात ६० सेकंद असतात. तरी कचेरीत कोणी "वन मिनिट" किंवा "वन सेकंड" म्हणाले, तर मोजत बसू नका. "जरा थांबा" एवढाच त्याचा अर्थ. 'मोमेंट' म्हणजे क्षण. "जस्ट अ मोमेंट, प्लीज" हे बोलणे जास्त अदबीचे. वडीलधाऱ्यांना थांबवायचे असेल तर ते वापरावे.

मग मिनिटे मोजायची केव्हा? आकड्याच्या आधीचा लहान शब्द नीट ऐका.

'फॉर टेन मिनिट्स' म्हणजे सलग दहा मिनिटे.
'इन टेन मिनिट्स' म्हणजे दहा मिनिटांनी.
'विदिन टेन मिनिट्स' म्हणजे दहा मिनिटांच्या आत.

बस 'इन टेन मिनिट्स' सुटणार असेल, तर चहा घ्यायला सवड आहे. 'विदिन' म्हटले असेल, तर जागा सोडू नका. बस केव्हाही सुटेल.

पिण्याच्या पाण्याबद्दल 'बॉइल फॉर वन मिनिट' असे लिहिलेले असते. म्हणजे खळखळून उकळी आल्यावर पाणी पुरते एक मिनिट उकळू द्यावे. इथले मिनिट घड्याळाचे. उकळी दिसताच भांडे उतरवू नये.

शंका आली तर सरळ विचारा, "घड्याळात किती वाजता?" विचारण्यात कमीपणा नाही.