वीज टिपायची, तर शटर उघडं ठेवा
वीज चमकल्यावर बटण दाबणाऱ्याच्या हाती बहुधा काळं आभाळच लागतं. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सरतो. तोवर मुख्य लोळ विझलेला असतो. म्हणून वळवाच्या रात्री कॅमेरा ट्रायपॉडवर बसवावा, ऑटोफोकस बंद करून दूरच्या दिव्यावर फोकस पक्का करावा आणि आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवून शटर १५ ते ३० सेकंद उघडं सोडावं. इतक्या वेळात वीज पांढरीफटक होईल, ही शंका साहजिक आहे, पण खरी नाही. लोळ इतका क्षणिक असतो की त्याची फोटोतली झळाळी ठरते अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर. शटर लांबवल्याने उजळतं ते शहराच्या दिव्यांनी माखलेलं आभाळ. मुंबई-पुण्यात त्यामुळे वेळ कमी ठेवावा, गावाकडे वाढवावा. दिवसा ही युक्ती फारशी चालत नाही, तिथे चमक ओळखून शटर आपोआप उघडणारा लाइटनिंग ट्रिगर वापरावा, नाहीतर सरळ व्हिडिओतली फ्रेम उचलावी (त्यात कमीपणा कसला?). गच्चीवरून फोटो छान येतो हे खरं, पण चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा कॅमेरा उचला आणि घरात या.