वारसा आला, गाडी गेली

11 जुलै 2025 रोजी लोहगडाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा मान झाला, आनंदच आहे. त्या रात्री आमच्या भटक्या मंडळींच्या ग्रुपवर भगव्या झेंड्यांचा नुसता पूर आला. त्याच पावसाळ्यात पवनेच्या काठावरच्या एका गावची मुक्कामी एसटी बंद झाल्याचं मला तिथल्याच एका ओळखीच्या बाईंकडून कळलं. त्या गाडीसाठी कुणी अर्ध्या ओळीचं स्टेटससुद्धा ठेवलं नाही. म्हटलं, आपणच दोन शब्द लिहावेत.

लोणावळ्यापासून मुळशीपर्यंतचा हा सगळा तळ्यांचा मुलूख. ही तळी मुळातली नव्हेत. टाटांनी विजेसाठी घाटमाथ्यावर पाणी अडवलं; खोपोलीचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये, भिऱ्याचं 1927 मध्ये. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट उभे राहिले, तरी गावं बुडायची ती बुडालीच. पुढे सरकारने पवनेवर धरण बांधलं. पाण्याने जुने गाडीरस्ते तोडले आणि काठावर जी गावं उरली त्यांना एसटीचाच काय तो आधार राहिला. 1978 साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. ऐंशीच्या दशकाबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं फारसं नाही. मी शाळेत होते आणि डोंगरावर जाणारी माणसं म्हणजे घरात लक्ष नसलेली माणसं, अशी आमच्या चिंचवडच्या घरात पक्की समजूत होती.

खरी वर्षं नव्वदीतली. कॉलेजातल्या आम्ही चार-पाच मुली. घरी चारचाकी कुणाकडेच नव्हती. आईचा प्रश्न ठरलेला असे, "एसटीनेच जाणार ना? मग जा." आज ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्या एका वाक्यावर आम्ही अख्खा मावळ पाहिला. कुणाच्या भावाची मोटरसायकल, कुणाच्या मित्राची जीप असं काही मधे आलं असतं, तर परवानगीचा विषय तिथेच संपला असता. एसटीत कंडक्टर असतो आणि गावातली चार माणसं असतात, म्हणजे मुलगी सुखरूप, हा तेव्हाच्या आयांचा हिशेब होता. तो बहुतेक वेळा खराही ठरला.

घाणेकरांचं किल्ल्यांवरचं पुस्तक पिशवीत आणि एसटीच्या वेळा वहीच्या मागच्या पानावर. वहीत खाडाखोड फार, कारण गाड्यांच्या वेळा पावसाळ्यात बदलत, परीक्षांच्या दिवसांत बदलत आणि कधी नुसत्याच बदलत. शनिवारी कॉलेज सुटलं की लोकलने कामशेत, तिथून मुक्कामी गाडी. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी. कामशेतला तिची वाट पाहत भजी खायची. गाडी यायची ती आधीच भरलेली: बाजार करून निघालेल्या बाया, टपावर पत्र्याचे डबे, दारात कडब्याची पेंढी. कंडक्टर तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीवर पंच टकटक वाजवत पुढे सरकायचा.

"कुठं, पोरींनो?"

"शेवटपर्यंत."

"तिथं कोण हाय तुमचं?"

"कुणी नाही. किल्ला बघायचाय."

"किल्ला कुठं पळून चाललाय? उद्या दिवसाउजेडी यायचं की."

एवढं बोलून तो मागे वळायचा आणि बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या एखाद्या मावशींना सांगायचा, "ह्या पोरी तुमच्याकडं राहतील." विचारणं नाही, बिचारणं नाही. मावशींनाही त्यात वावगं वाटत नसे. गाडी मारुतीच्या देवळापुढे उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओसरीत पथारी टाकायचे आणि आम्ही मावशींच्या पडवीत. पहाटे गाडी दुधाच्या किटल्या आणि तालुक्याला निघालेली पोरं घेऊन सुटायची, तिच्या आवाजाने आम्हाला जाग यायची. गजर लावायची कधी वेळच आली नाही.

त्या दिवसांतली एक वाट अजून पायांना पाठ आहे. तिकोनापेठेतून तिकोना चढायचा, उतरून काळे कॉलनीकडे जाणारी एसटी धरायची आणि ब्राह्मणोलीला उतरायचं. तिथून लाँचने पवनेचं पाणी ओलांडून केवऱ्याला, केवऱ्याहून चालत तुंगवाडीत. लाँच काही पर्यटकांसाठी नव्हती. धरणाने तोडलेल्या गावांची ती येण्याजाण्याची सोय होती, तीत शेळ्याही असत आणि एखादी नवी नवरीही. दुसऱ्या दिवशी तुंग पाहून घुसळखांबच्या फाट्यावर यायचं आणि लोणावळ्याची एसटी पकडायची. दोन किल्ले, एक जलाशय आणि एकाही पावलाची पुनरावृत्ती नाही.

एसटी आणि लोकलने केलेल्या भटकंतीतलं मर्म हेच होतं. एका गावात चढायचं आणि भलत्याच गावात उतरायचं. लोणावळ्याहून राजमाची गाठून कोंढाणे लेण्यांवरून कर्जतला उतरायचं, म्हणजे एका स्टेशनवरून निघून दुसऱ्या स्टेशनवर. कामशेतहून जांभिवली, ढाकच्या जंगलातून खाली सांडशी आणि पुन्हा कर्जत. भांबुर्ड्याच्या एसटीने घनगड, पुढे तैलबैला, सवाष्णी घाटाने खाली सुधागड आणि पालीहून घर. या घाटवाटा शेकडो वर्षं माणसं आणि मालाची जनावरं कोकणात उतरवत होत्या. आम्ही त्यांचा वापर त्यांच्याच कामासाठी केला, इकडून तिकडे जाण्यासाठी. चारचाकी आली की हे संपतं. गाडी जिथे लावली तिथे परत यावंच लागतं. मग घाटवाट कशाला हवी? वर जा, फोटो काढा, त्याच वाटेने खाली या, टायर पंक्चर नाही ना ते बघा.

तेव्हा आमच्यावर हसणारेही होते. एका नावाजलेल्या गिर्यारोहण मंडळातले एक ज्येष्ठ आम्हाला "टाइमटेबलवाल्या" म्हणत. खरा ट्रेकर घड्याळ पाहत नाही, असं त्यांचं तत्त्वज्ञान. पुढे त्यांनी जीप घेतली आणि दर रविवारी लोक जमवून लोहगडाला नेऊ लागले, माणशी पैसे घेऊन. आता ते घड्याळ पाहतात. शिट्टी वाजवून पंधरा मिनिटांत सगळ्यांना खाली बोलावतात.

2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मळवलीहून भाजे लेण्यांकडे जाताना आम्ही शेतांच्या बांधांवरून चालायचो, तिथे आता सहा पदरी रस्ता ओलांडायला पूल आला. त्यानंतरच्या सतरा-अठरा वर्षांबद्दल काय सांगू? टेम्पो ट्रॅव्हलर, टी-शर्ट, सेल्फी. मी नोकरीत आणि संसारात होते, आणि जे दिसत होतं ते पाहून फारसं चुकतंय असंही वाटलं नाही. 2020 च्या मार्चमध्ये लोकल बंद पडली, 2021 च्या दिवाळीत सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. दरम्यान ज्याला जमलं त्याने गाडी घेतली. ज्याला नाही जमलं तो वडापच्या जीपला लोंबकळला. संप मिटल्यावर सगळ्याच फेऱ्या काही परत आल्या नाहीत.

मार्च 2023 मध्ये बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. चांगलाच निर्णय, मीही त्याचा लाभ घेते, हमरस्त्यावर. आडगावात जायचं तर अर्धं तिकीट कशावर काढायचं? बंद झालेल्या त्या मुक्कामी गाडीची चौकशी करायला मी संबंधित डेपोत गेले. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "भारमान नाही." त्यांचंही सगळंच चूक नाही, रिकाम्या सीटांचा जाब त्यांनाच विचारतात. पण पावसाळ्यातल्या रविवारी त्याच रस्त्यावर दोन-दोन तास हलत नाहीत त्या मोटारींतली माणसं कोणाचं भारमान आहेत? त्यांना शनिवारी संध्याकाळी एसटी आहे, हे कळेल असा एक फलक तरी मळवली किंवा कामशेत स्टेशनबाहेर कुणी लावून पाहिलाय का?

30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, नाके लागतात, मोटारी परत पाठवल्या जातात. गर्दी आवरायचा एकच उपाय सरकारला माहीत आहे, तो म्हणजे आडकाठी. एसटीने येणारा माणूस मात्र गाडीच्या वेळेला बांधलेला असतो. तो अंधार पडल्यावर धबधब्याखाली नाचत बसत नाही, कारण शेवटची गाडी चुकेल ही भीती त्याच्या मानेवर बसलेली असते. गावातल्या मावशी त्याला कुठल्या ओढ्यात उतरू नये ते सांगतात. मोटारीची काच वर असली की ते ऐकू येत नाही.

आता लोणावळ्याच्या टायगर पॉइंटला काचेचा स्कायवॉक व्हायचा आहे, कोट्यवधी रुपयांचा. होऊ दे. पण आज चिंचवडच्या एखाद्या घरात अठरा वर्षांची मुलगी तुंग बघायला जाते म्हणाली, तर आई "एसटीनेच जाणार ना?" असं विचारू शकत नाही. मुलीला मग कुणाच्या तरी गाडीत जागा मागावी लागते, नाहीतर घरी बसावं लागतं. शनिवारी संध्याकाळी कामशेतहून एक आणि लोणावळ्याहून एक मुक्कामी गाडी सोडा, रविवारी संध्याकाळी माणसं परत आणायला त्याच गाड्या पुन्हा पाठवा. स्कायवॉकच्या काचा पुसायला जेवढा खर्च येईल, तेवढ्यात हे भागेल.