आगगाडी गेली, वाट उरली

आमची थोरली मुलगी आयर्लंडमध्ये नर्स आहे. गेल्या जूनमध्ये तिने आम्हां उभयतांना तिकडे बोलावून घेतले आणि मेयो परगण्यात दोन दिवस सायकलवर हिंडवले. साठी उलटल्यावर सायकल! खानापूरच्या बाजारातून सायकलवर पोते आणण्याचे आमचे दिवस केव्हाच सरले होते. पण ही वाट जुन्या रेल्वेची आहे, दमछाक होणार नाही, असे तिने पटवले.

ते खरेच निघाले. आगगाडीला उभा चढ चढवत नाही, म्हणून रूळ टाकताना टेकाड कापतात, खळग्यात भराव घालतात. रूळ उचलले तरी तो सपाटपणा मागे राहतो. वर आता बारीक खडी दाबून बसवली आहे. सायकलवर अंगाचा बराचसा भार सीट घेते, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनाही हे झेपते. मात्र सीट पुरेशी उंच हवी. पायडल तळाला गेले की गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. पाय जमिनीला टेकावेत म्हणून पहिल्या दिवशी आम्ही सीट खाली ठेवण्याचा हट्ट धरला, आणि रात्री गुडघ्यांनी त्याचा हिशेब चुकता केला.

ॲचिल बेटापासून वेस्टपोर्ट गावापर्यंत ही वाट ४२ किलोमीटर आहे. वारा बहुधा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो. तेव्हा ॲचिलकडून निघावे, म्हणजे तो पाठीशी राहतो. पहिल्या दिवशी मलरॅनीपर्यंत १३ किलोमीटर, दुसऱ्या दिवशी उरलेले. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई कसली ती नाही. दोन्ही बाजूंना दलदलीची काळी माती विटांसारखी कापून वाळत घातलेली दिसते. आपल्याकडे शेणी, तसे तिकडे चुलीला हे जळण. डोंगरउतारावर गवताखाली जुन्या सरी-वरंब्यांच्या रेघा दिसतात. बटाट्याची ती जुनी शेती. १८४५ साली तिथे बटाट्यावर करपा पडला, पुढील काही वर्षांत दहा लाखांवर माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. आपल्या बेळगाव भागात बटाटा लावणाऱ्यांना करपा म्हणजे काय ते सांगायला नको.

आम्हांस सर्वांत नवल वाटले ते जमिनीचे. १९३७ साली रेल्वे बंद झाली आणि पट्टीची जमीन आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे गेली. २०१० ते २०११ या काळात ही वाट झाली ती जमीन विकत घेऊन नव्हे. शेतकऱ्यांनी जायला-यायला परवानगी दिली, मालकी त्यांचीच राहिली. जागोजागी फाटके आहेत, शेजारी मेंढ्या चरतात. एका फाटकाशी म्हातारा शेतकरी मेंढ्या पलीकडे नेत होता, म्हणून आम्ही थांबलो. त्याने टोपीला हात लावला, आम्ही नमस्कार केला. हातभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टात घालवलेली घरे आमच्या गावात आहेत. त्यांची आठवण आल्यावाचून राहिली नाही.

ह्या रेल्वेची एक दुःखाची कथाही आहे. आगीच्या गाड्या येतील आणि पहिली व शेवटची गाडी मृतांना घेऊन येईल, असे जुन्या काळी एका द्रष्ट्याने सांगितल्याची आख्यायिका तिथे आहे. १४ जून १८९४ रोजी ॲचिलची तरुण मुलेमुली शेतमजुरीसाठी स्कॉटलंडला निघाली होती. आगबोटीपर्यंत नेणारी होडी वेस्टपोर्टजवळ उलटली आणि ३२ जण बुडाले. लोहमार्ग रीतसर सुरू होण्याआधीच त्यांची प्रेते गाडीने आली. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडातल्या कर्किन्टिलॉक येथे बटाटे काढायला गेलेल्या ॲचिलच्या दहा मुलांना ते झोपले होते तिथेच आग लागून मरण आले. त्यांच्या शवपेट्याही ह्याच रुळांवरून आल्या आणि काही दिवसांतच रेल्वे बंद झाली.

दोन्ही वेळची मुले किल्डॅव्हनेटच्या समुद्रकाठच्या दफनभूमीत पुरली आहेत. निघण्याआधी मुलीने आम्हांस तिथे नेले होते. दहांपैकी सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता. सौभाग्यवतींनी रोझरी काढली. आमच्या गावची पोरेही कामासाठी गोव्याला, पुण्याला जातात. आमचीच मुलगी त्याहून लांब आली होती आणि सायकलींपाशी आमची वाट पाहत उभी होती.