चार आवाज आणि एक झील : मराठी ख्रिस्ती गायन-शिबिरातून

औंढा नागनाथ तालुक्यातले आमचे शिरड शहापूर बाहेरच्यांना मल्लिनाथ दिगंबर जैन क्षेत्रामुळे माहीत असते. गावात राहणाऱ्याला त्याशिवाय सप्ताह माहीत असतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काला. या सप्ताहांत मी गेली तीस वर्षे पेटीवर बसतो आहे. म्हणून नगरकडच्या एका जुन्या शिक्षक-मित्राचा फोन आला, "आमच्या मंडळीचे दोन दिवसांचे गायन-शिबिर आहे, पेटीला या," तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नाही. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, एवढे त्याच्या सहवासाने मला ठाऊक होते. आपल्याकडे नुसते 'मंडळी' म्हटले की बायको आठवते, हा भाग वेगळा.

शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात, रविवारी दुपारी उपासनेनंतर निरोप. साठेक माणसे, एका जुन्या शाळेचे आवार, सतरंज्या आणि एक फळा. पत्रिकेवर 'उज्जीवन' असा शब्द होता. थकलेल्या श्रद्धेला पुन्हा जीव यावा म्हणून एकत्र येणे, हा त्याचा अर्थ. त्यासाठी प्रवचनापेक्षा गाण्यावर भर का, हा माझा पहिला प्रश्न होता. तो तिथल्या पाळकसाहेबांना विचारला तर ते हसून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या सप्ताहातून भजन काढून टाका आणि किती लोक उरतात ते बघा." दुसरा प्रश्न मात्र तिथे गेल्यावर पडला आणि त्याचे उत्तर शोधायला पुढे बरेच महिने गेले. गाण्याची पद्धत बदलली की सभेत कोण पुढे बसते आणि कोण मागे, तेही बदलते का?

इतिहास थोडक्यात सांगतो. मराठीत ख्रिस्ती काव्य आले ते ओवीच्या रूपाने. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. पण देशावरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आता अहिल्यानगर) आले आणि येताना स्वतःच्या चाली घेऊन आले. सुरुवातीची बरीच गीते म्हणजे इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे, आणि तीही मूळच्याच चालीत म्हणायची.

अडचण इथेच आहे, आणि ती पेटीवर बोट ठेवून दाखवता येते. इंग्रजी स्तोत्रांचा सर्वांत रुळलेला साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा. आकडे पाहून आपल्याला वाटेल की हे अभंगाच्या जवळचेच आहे; मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार, लहानात आठ-आठ. पण त्या इंग्रजी ओळीचे पहिले अक्षर हलके असते आणि वजन दुसऱ्यावर पडते. म्हणजे गाणे समेच्या एक अक्षर आधी उचलायचे. मराठी शब्दाचे वजन बहुधा सुरुवातीला. मग 'देवा' म्हणताना जोर 'वा'वर येतो आणि हाक मारतो आहोत की हुसकावतो आहोत तेच कळत नाही. दुसरा घोटाळा ऱ्हस्व-दीर्घाचा. चालीतला लांब स्वर ऱ्हस्व अक्षरावर आला की 'सुत'चे 'सूत' होते आणि 'दिन'चा 'दीन'. देवाचा पुत्र म्हणायला जावे आणि ऐकणाऱ्याने चरखा आठवावा!

इथे एक कबुली द्यायला हवी. अभंगातही अक्षरे ताणली जातात. अक्षरछंदात प्रत्येक अक्षर दीर्घ उच्चारण्याकडेच ओढा असतो, हे माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त सांगितलेच आहे. फरक एवढाच की अभंग म्हणणारा कुठे ताणायचे ते स्वतः ठरवतो, अर्थ निसटला असे वाटले तर तोच चरण फिरवून पुन्हा म्हणतो आणि मागचे झील धरून तो उचलतात. छापील चालीत तो खिळा आधीच ठोकलेला असतो.

नगर भागात हे लवकर लक्षात आले. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, आख्यान, साकी-दिंडी, टाळ-मृदंग हा सगळा थाट आपलाच, कथा तेवढी बायबलातली. याचे कौतुक सहसा 'भारतीयीकरण' या जड शब्दाने होते. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. वाजवणे आणि गाणे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते, पण गावच्या कीर्तनात त्यांची जागा पायरीच्या खाली होती. आता त्यांच्यातला माणूस गळ्यात उपरणे घालून मध्यभागी उभा राहू लागला. आमच्या औंढ्याची कथा सर्वांना माहीत आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरले. नंदी मागे का, याचे उत्तर आमच्याकडे लहान पोरही याच कथेने देते. नगरच्या कीर्तनात देऊळ फिरले नाही, गाणाऱ्यांनी आपली जागाच बदलून घेतली.

पुढे नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये वारेपर्यंत इतकी गीते रचली की आजच्या 'उपासना संगीता'तून ती काढली तर पुस्तक निम्मे वाटावे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. शेवटी शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. मिशनच्या पगाराबाहेर राहून भक्ती करणाऱ्यांचा तो मेळा होता. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे टिळकांचा हा फकिरी स्वभाव घराघरात माहीत झाला. गाण्यातून उज्जीवन ही कल्पनाही त्याच काळातली. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये धर्मजागृतीची लाट आली, ती प्रवचनांपेक्षा सामूहिक गायनावर उसळलेली होती. तिच्या बातम्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनात पोचल्या आणि १९०५ च्या जूनमध्ये तिथेही तशी जागृती झाली.

आता शिबिराकडे येतो. तिथे भजन होते, पण शनिवारचा मोठा भाग चार आवाजांच्या गायनाला दिला होता. शिकवणारी मुलगी तिशीतली, पुण्यात शिकलेली. तिला सगळे ताई म्हणत होते, वयाने मोठे असलेलेही. आमच्यासारख्यांना हा प्रकार अनोळखी, म्हणून समजावतो. आपल्या भजनात शंभर माणसे असली तरी स्वर एकच. कोणी खालच्या सप्तकात, कोणी वरच्या. चार आवाजांत मात्र एकाच क्षणी चार गट चार वेगळे स्वर लावतात. बायकांतल्या उंच आवाजाला सोप्रानो म्हणतात, बहुधा मूळ चाल त्यांच्याकडे असते. खालच्याला आल्टो. पुरुषांत टेनर आणि बास. सोप्रानो पंचमावर असेल तेव्हा आल्टो गंधारावर आणि बास षड्जावर, असे स्वर एकमेकांना टेकून उभे राहतात. फळ्यावर ताईंनी डो-रे-मी लिहिले. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांनी ही सोपी पद्धत काढली आणि जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात ती गिरण्यांतल्या कामगारांपर्यंत नेली. त्यातला 'डो' कोणत्याही पट्टीवर बसतो, आपल्या 'सा'सारखाच. मी फळ्यावर त्याखाली सा-रे-ग लिहिले तेव्हा निम्म्या लोकांचे खांदे सैल पडले.

तरी आल्टो काही जमेना. त्या गटातल्या बाया दोन ओळी आपल्या स्वरात राहत आणि तिसऱ्या ओळीला सोप्रानोच्या चालीकडे घसरत. आपला कान मुख्य चालीकडे ओढला जातो, त्याला त्या काय करणार? त्यांच्यात सत्तरीच्या पुढच्या एक आजी होत्या. आवाज भरदार, खालचा. अक्षरओळख नव्हती. हातातला कागद त्यांनी उलटा धरला होता, ते मी पाहिले आणि ताईंनीही. मधल्या सुटीत ताई त्यांना हळूच म्हणाल्या, "आजी, तुम्ही या गाण्याला बसून राहिलात तरी चालेल." आजी "बरं बाई" म्हणाल्या आणि मागच्या भिंतीला जाऊन टेकल्या.

मला राग आला, हे खरे. मनात म्हटले, बघा, कागद आला की अडाण्याची जागा भिंतीपाशी. रात्री जेवणानंतर भजन बसले तेव्हा माझे म्हणणे खरे ठरणार अशी खात्री होती. टाळ वाजले, भजनी ठेका लागला, पुरुषांनी पेटीची पट्टी मागितली, काळी दोन. मी सवयीने दिली. पहिला अभंग आजींनीच उचलला होता, पण दुसऱ्या चरणाला त्या थांबल्या. वरच्या सप्तकात तो स्वर त्यांना टोचत होता आणि खालच्यात पोचत नव्हता. इतर बायकांचेही तेच. हळूहळू फक्त पुरुष गात राहिले आणि बाया टाळ वाजवत राहिल्या.

तीस वर्षे मी सप्ताहात हेच करतो आहे. आमच्याकडे बाया मांडवाच्या एका बाजूला बसतात, भजन चढते तसे त्यांचे ओठ नुसते हलतात, आणि मी ते भक्तीतली तल्लीनता समजत होतो. पट्टी पुरुषांची आहे, एवढे साधे कारण पेटीवाल्याच्या ध्यानात येऊ नये, याचे मला त्या रात्री फार वाईट वाटले. चार आवाजांच्या गायनाने बाईच्या खालच्या आवाजाला निदान नाव आणि जागा तरी दिली आहे. अडसर कागदाचा आहे. भजनात कागद नाही, पण पट्टीचा अडसर आहे. आजी दोन्हीकडून बाहेर.

रविवारी पहाटे मी ताईंना हे सांगितले. त्यांनी लगेच मान्य केले असे नाही. "गुरुजी, वेळ कुठे आहे?" म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी आल्टोच्या सगळ्या बायांचे कागद गोळा केले. पेटी काळी पाचला. ताई एक ओळ म्हणत, बाया झील धरत; ओळ पक्की होईपर्यंत पुढे जायचे नाही. शेजारी सोप्रानो गाऊ लागल्या तरी घसरू नये म्हणून आजींना मध्यभागी बसवले, कारण त्यांचा आवाज हलत नव्हता. पाऊण तासात चार कडव्यांपैकी दोन बसली. उपासनेत तेवढीच म्हटली.

ती दोन कडवी ऐकताना मला स्वीडनमधल्या एका प्रयोगाची आठवण झाली. गोथेनबर्गला ब्योर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही तरुणांना एकत्र गुणगुणायला, स्तोत्र म्हणायला आणि संथ मंत्र म्हणायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ओळीच्या शेवटी सगळे एकदम श्वास घेतात, त्यामुळे ठोक्यांचा चढउतारही एकत्र होऊ लागतो. त्यात गूढ काही नाही, श्वासाचे गणित आहे. पण मागे भिंतीला टेकलेला माणूस त्या श्वासात नसतो, हेही त्याच गणितात येते.

निघताना आजींनी त्यांच्या सासूकडून आलेले चार अभंग मला म्हणून दाखवले, छापील पुस्तकात नसलेले. तिघांच्या चाली मी स्वरलिपीत उतरवल्या. चौथा त्या दर वेळी वेगळा म्हणतात, तो राहिला. या वर्षीच्या सप्ताहात हरिपाठाला मी पेटी काळी पाचला लावून पाहिली. पुरुषांनी दोन दिवस कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी गायनाचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की काकडा आणि कीर्तन जुन्याच पट्टीत होईल, हरिपाठ मात्र बायकांचा राहू द्या.