तिथीची पाऊणपट

तुमच्या घरी भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असेल. तिच्यात तारखेच्या जवळ बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते. आपण ती पाहतो एकादशीच्या किंवा चतुर्थीच्या उपवासापुरती. पण समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसाला त्या एका शब्दावरून समुद्राचे घड्याळ वाचता येते. ते कसे, हे मला एका शनिवार-रविवारच्या सहलीत कळले. आणि थोडे भिजून कळले, हेही सांगून टाकतो.

कार्तिकातल्या एका शनिवारी मी व माझा मित्र रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरला गेलो. मित्र शाळेत गणित शिकवतो. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. देवळामागच्या टेकडीला वळसा घालून प्रदक्षिणेची वाट जाते. तिचा समुद्राकडचा भाग म्हणजे लाटांनी कापून काढलेला काळ्या खडकाचा प्रचंड ओटाच. आम्ही दोनच्या सुमारास पोहोचलो तेव्हा तो पाण्याखाली होता आणि लाटा थेट कड्यावर फुटत होत्या.

ज्यांच्या घरी उतरलो त्या आजोबांना विचारले, “उद्या खाली केव्हा जाता येईल?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, “आज बीज, दीडला पाणी भरलं. उद्या तीज, सव्वादोनला भरेल. म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला पुरती ओहोटी. सातला उतरा, पण दहाच्या आत वर या. तिथीची पाऊणपट करायची, झालं!”

रात्री मित्राने कागद-पेन्सिल काढली. तिथी म्हणजे काय? पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी झाली. पृथ्वीला स्वतःभोवती १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे चंद्राला पुन्हा गाठायला तिला रोज सुमारे १२ × ४ = ४८ मिनिटे जादा फिरावे लागते. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, म्हणून तीही रोज तेवढीच उशिरा येते. ४८ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास! कोकण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते. तिथून पुढे प्रत्येक तिथीचा पाऊण तास मोजत जायचे. दर तिथीला ३ मिनिटे कमी धरल्यामुळे पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तासाची चूक साठते खरी. पण आजोबांना आगगाडी थोडीच पकडायची होती!

सकाळी सातला खाली उतरलो. पौर्णिमेला दोनच दिवस झाले होते, त्यामुळे उधाणाचा जोर टिकून होता. उधाणात भरती जशी खूप चढते, तशी ओहोटीही खूप खाली जाते. कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसत होती. खाऱ्या पाण्याचे तुषार खडकाच्या बारीक भेगांत शिरतात, वाळतात, आणि मिठाचे स्फटिक वाढताना खडकाचे कण सुटे करतात. हजारो वर्षे हे चालले की अशी जाळी पडते.

पण खरी मौज होती खाली. खडकावर कोणीतरी पट्टे आखावेत तशी प्राण्यांची वस्ती होती. सर्वांत वर वाटाण्याएवढ्या गोगलगाई, झाकण घट्ट लावून उन्हात बसलेल्या. त्यांच्याखाली बार्नॅकलचे पांढरे खरखरीत पट्टे. शिंपल्यासारखा दिसला, तरी हा प्राणी खेकडा व कोळंबी यांचा नातेवाईक बरं का! त्याखाली कालवे, आणि अगदी खाली शेवाळ व डबक्यांतली समुद्रफुले. प्रत्येकाची वरची मर्यादा बहुधा ऊन ठरवते; त्याहून वर गेला तर वाळून मरेल. खालची मर्यादा ठरवतात शत्रू आणि शेजारी. मित्राने एक सुंदर शंख उचलून खिशात टाकला, तो लगेच खिशात चालू लागला! आत खेकडा होता. या खेकड्याचे पोट मऊ असते, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो. शंख होता तिथे परत ठेवला.

सव्वाआठला आम्ही पाण्याच्या कडेशी एका दगडावर खूण केली. सव्वानऊला पाहिले तर पाणी जेमतेम वीतभर चढले होते. मित्र म्हणाला, “अरे, या वेगाने इथवर यायला दुपार होईल.” गणिताच्या मास्तरांनीच सांगितल्यावर मी काय बोलणार! आम्ही पुन्हा डबक्यांत डोके घातले. पावणेअकराला परत फिरलो तो वाटेतली घळ भरलेली. येताना ती कोरडी होती. आता पाणी मांडीपर्यंत होते, आणि लाट आत घुसली की कमरेपर्यंत. एकमेकांचे दंड घट्ट धरून, एक मोठी लाट मागे जाताच आम्ही घळ ओलांडली. मित्राची पिशवी गेली, माझी एक चप्पल गेली. या वाटेवर लाटांनी माणसे ओढून नेल्याचे प्रसंग घडले आहेत, हे तेव्हा आठवले.

चूक कुठे झाली? भरती एकाच वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी जेवढे चढायचे त्याचे १२ भाग करा. पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १. एकूण चढ ३ मीटर असेल, तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, पण तिसऱ्या तासात ७५! झोका टोकाला हळू आणि मध्यावर वेगाने जातो ना, तसेच. आम्ही पहिल्या तासावरून पुढचे अनुमान केले, आणि नेमके तिसऱ्या तासात घळीशी आलो. आजोबांच्या “दहाच्या आत”चा अर्थ तो होता.

दुपारी त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालताना मित्र ओशाळून म्हणाला, “आजोबा, हिशेब चुकला.” ते हसून म्हणाले, “हिशेब बरोबर होता हो, तुम्ही उठला नाहीत.”

तुम्ही कोकणात राहत असाल तर पंधरा दिवस भरतीची वेळ टिपून पाऊणपटीशी ताडून पाहा. एक मात्र ध्यानात ठेवा. हा हिशेब उघड्या कोकण किनाऱ्याचा आहे. खाडीत आत आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, आणि खंबातच्या आखातात तर ती आणखी काही तास मागे असते. तुमच्या गावच्या धक्क्यावर किती मिनिटांचा फरक पडतो, हे तुम्हालाच मोजून काढावे लागेल. मोजताना उभे मात्र धक्क्यावरच राहा!