आधी छताला चुना, मग कूलर

करोंदच्या मंडीत गहू विकला की पुष्कळ घरांत कूलरचा विचार सुरू होतो. आमचे सांगणे आहे, आधी छताकडे पाहा.

भोपाळला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. काळवंडलेले सिमेंटचे छत दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता घरात सोडते. पंखा ती गरम हवाच फिरवतो. सर्वांत जास्त हाल होतात ते म्हाताऱ्यांचे व तान्ह्या बाळांचे. पांढरे छत मात्र बरेचसे ऊन परतवून लावते. अहमदाबादेत २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरे याच कारणाने पांढरी करण्यात आली.

छत झाडून, विरलेला चुना गाळून, त्यात डिंक मिसळून संध्याकाळी दोन हात द्यावेत. पत्र्यावर चुना टिकत नाही. तेथे पांढरा रंग लावावा. चुना डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे व डॉक्टरांकडे जावे.

पावसात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी करावे. त्यासाठी गव्हाच्या पैशांची वाट पाहायला नको, उपवासकाळातच उरकावे. शेजारी एकटी म्हातारी राहत असेल, तर उरलेला चुना तिच्या छताला लावावा. तीही उपवासकाळाची सेवाच आहे.