टॉर्मेंटिल आणि तरवड

गुलाबकुलातील रानटी वनस्पतींना बहुधा थंड व ओलसर हवा मानवते. महाराष्ट्रात या कुलाची रानटी रास्पबेरी महाबळेश्वरसारख्या उंच जागी जाळ्या धरून वाढते. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जेथे वर्षाकाठी सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडतो, त्या बारामती-इंदापूरच्या मुरमाड माळावर या कुलातील ओषधींचा शोध घेणे बहुतेक व्यर्थच ठरावे. असे असता त्या ओषधी मनुष्याच्या ज्या गरजा भागवितात, त्याच गरजा या माळावर कोणत्या वनस्पतीने भागविल्या, हा प्रश्न अभ्यासनीय आहे.

उदाहरणादाखल टॉर्मेंटिल, म्हणजे पोटेंटिला इरेक्टा, ही बहुवर्षायू ओषधी घ्यावी. युरोपातील आम्लधर्मी गवताळ जमिनीत ती वाढते. गुलाबकुलात पाकळ्या सामान्यतः पाच असतात. हिच्या पिवळ्या फुलाला मात्र चारच. तिचे खरे धन जमिनीखाली आहे. जाडसर मूलस्तंभ कापताच आतून लालसर होतो व त्यात टॅनिनचे प्रमाण साधारणतः 15 ते 20 टक्के भरते. ऑर्कनी व फेरो बेटांवर झाडेच विरळ. तेव्हा झाडाच्या सालीऐवजी याच मुळांनी तेथील लोक कातडी कमावीत. पोटातील कळा व अतिसार यांवरही हेच मूळ देत, आणि वनस्पतीच्या नावाचा उगमही पोटशूळाच्या लॅटिन शब्दाशी जोडला जातो.

कातडे व आतडे यांवर एकाच द्रव्याने उपाय व्हावा, यात वरवर दिसते तेवढे नवल नाही. टॅनिनचे रेणू प्रथिनांना चिकटतात. कातड्यातील कोलॅजनच्या तंतूंना ते परस्परांशी बांधतात, त्यामुळे कातडे कुजत नाही. आतड्याच्या श्लेष्मल त्वचेवर तीच क्रिया सौम्यपणे घडून स्राव कमी होतो. केवळ लोकसमजुतीवर हे विधान उभे नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका रशियन चाचणीत, रोटाव्हायरसजन्य अतिसाराच्या 40 बालकांपैकी ज्यांना टॉर्मेंटिलचा अर्क दिला त्यांचा आजार सरासरी 3 दिवसांत, तर इतरांचा 5 दिवसांत आटोपला. चाचणी लहान होती, हे अर्थात विसरून चालणार नाही.

बारामती-इंदापूरकडील माळावर हे स्थान बाभळीबरोबर तरवडाने घेतले. तरवड (सेना ऑरिक्युलाटा, पूर्वीचे नाव कॅसिया ऑरिक्युलाटा) ओषधी नव्हे, क्षुप आहे, व त्याचे कुल शिंबावंत. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून अतिचराईने उजाड झालेल्या जमिनीवरही तो टिकतो, आणि घटस्थापनेच्या माळेसाठी त्याची पिवळी फुले नेमकी हाताशी येतात. त्याची साल टॅनिनच्या बाबतीत टॉर्मेंटिलच्या मुळाशी बरोबरी करते. मद्रासकडून परदेशी जाणारे ‘ईस्ट इंडिया किप्स’ नावाचे कातडे याच सालीने कमावलेले असे. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेच्या वॅटल सालीने व पुढे क्रोम क्षारांनी ती मागे सारली. दख्खनच्या गावांत कातड्याचे महत्त्व पायताणापुरते नव्हते: तेलइंजिने व विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी कातडी मोटेनेच चढत असे, व मोट कुजली म्हणजे बागायत थांबे.

औषधात मात्र तुल्यता गृहीत धरू नये. टॉर्मेंटिलमध्ये संघनित टॅनिनाबरोबर अॅग्रिमोनिनसारखी एलॅजिटॅनिनेही असतात. तरवडाची साल मुख्यतः संघनित प्रकारची. शिवाय बाजारात तरवडाची पाने सोनामुखीत भेसळ म्हणून येतात, पण सोनामुखीचे रेचक अँथ्राक्विनोन त्यांत नसतात. 80 टक्के गंधकाम्लाने त्यांस किरमिजी रंग येतो, व तेवढ्यावरून लबाडी उघडकीस येते.

तोडणीतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. मूलस्तंभ खणला की टॉर्मेंटिलचे झाड संपते. तरवडाच्या फांद्या छाटून साल सोलली, तर बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटतात. त्याला धोका तोडणीचा नाही, जमिनीच्या पालटाचा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस आला, पुढे यंत्रांनी मुरूम फोडून माळही लागवडीखाली आले, आणि तरवड बांधाकडे सरकला. 1997 साली घोषित झालेले सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी ओळखले जाते. त्याचे क्षेत्र सुमारे 5 चौरस किलोमीटर आहे.